अद्भुत कादंबरी आणि तिचा असंतुष्ट वाचक

पुणें शहरांतून बंडगार्डनच्या बाजूनें मुळा-मुठा नदी ओलांडली, कीं पलीकडे येरवड्याची हद्द लागते. नदीवरील फिट्झजेराल्ड पूल १८६७ सालीं बांधला गेला आणि येरवड्याचा मोठा तुरुंग १८७१ सालीं उभा राहिला. ह्या तुरुंगाचें नांव राजकीय इतिहासांत वारंवार येतें. परंतु वाचनाच्या इतिहासांतहि त्याला एक लहानसें स्थान आहे, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. सक्तीनें लाभलेला निवांतपणा आणि हातीं येतील तीं पुस्तकें, एवढ्याच भांडवलावर तेथें कांहीं थोर पुरुषांनीं केलेलें वाचन मोठें बोधप्रद आहे.

१८ मार्च १९२२ रोजीं अहमदाबादेस महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांना साबरमतीहून येरवड्यास आणण्यांत आलें. १९२४ च्या जानेवारींत पुण्याच्या ससून रुग्णालयांत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीस त्यांची मुक्तता झाली. मधल्या सुमारें दोन वर्षांत त्यांनीं सूत काढण्याच्या जोडीनें पुष्कळ ग्रंथ वाचले. त्या यादींत गिबनचा रोमचा इतिहास होता, मोटलेचा डच प्रजासत्ताकाचा इतिहास होता, गटेचें 'फाउस्ट' होतें, स्टीव्हन्सनची जेकिल व हाइड यांची कथा होती आणि ज्यूल व्हर्नची अद्भुत सफरहि होती. ह्याच काळांत त्यांनीं संपूर्ण महाभारत गुजराती भाषांतरांतून वाचलें. ह्या शेवटच्या वाचनाविषयीं सुटकेनंतर त्यांनीं 'यंग इंडिया' पत्रांत एक मोकळी कबुली दिली. महाभारत म्हणजे रक्तपाताची जंत्री आणि झोंप आणणारीं लांबलचक वर्णनें, असा त्यांचा पूर्वग्रह होता. त्या जाडजूड खंडांची त्यांना धास्तीच वाटत होती. परंतु एकदां आरंभ केल्यावर ग्रंथ खालीं ठेववेना आणि चार महिन्यांत तो पुरा झाला. वाचून होतांच, आपला ग्रह चुकीचा होता, हें त्यांनीं निःसंकोचपणें मान्य केलें.

अपेक्षा थोडी आणि प्राप्ति मोठी, असा हा वाचनाचा योग. ह्याच्या नेमका उलट योग त्यापूर्वीं पन्नास वर्षें मराठी वाचकाच्या वांट्यास आला होता. अद्भुत रसाचें मोठें आश्वासन देणाऱ्या कादंबऱ्या त्यानें उत्सुकतेनें हातीं घेतल्या, आणि त्यांतील जो विचारी वर्ग होता तो हळूहळू निराश झाला. ती निराशा १८७२ सालीं एका निबंधाच्या रूपानें प्रकट झाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक यांविषयीं निबंध' तो हाच. मराठींतील कादंबरीविषयक टीकेचा आरंभ सामान्यतः ह्या निबंधापासून धरतात. म्हणजे मराठी कादंबरीच्या टीकेचा जन्मच मुळीं एका अपेक्षाभंगाच्या पोटीं झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही अपेक्षा कोठून उत्पन्न झाली, हें प्रथम पाहिलें पाहिजे. 'नावल' हा शब्द त्या वेळीं इंग्रजींतून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला होता. त्याचा मूळ अर्थ 'नवें' असा. परंतु मराठी कानाला त्यांत 'नवल' ऐकूं यावें, हें स्वाभाविकच होतें. शेजारच्या गुजरातींत तर 'नवलकथा' हेंच नांव रूढ झालें. पुढें मराठींत 'कादंबरी' हें नांव कायम झालें, तें सातव्या शतकांतील बाणभट्टाच्या ग्रंथावरून. शाप, पुनर्जन्म आणि मरणाच्याहि पलीकडे टिकणारें प्रेम यांनीं भरलेली ती कथा बाणाच्या हातून पुरी झाली नाहीं. त्याच्या पुत्रानें ती शेवटास नेली. एका विशिष्ट नायिकेचें नांव सगळ्या वाङ्मयप्रकाराला मिळावें, ही गोष्ट विरळाच. नांव कोणतेंहि घेतलें, तरी ह्या नव्या प्रकाराच्या कपाळीं अद्भुत लिहिलेलेंच होतें.

वास्तविक मराठी कादंबरीचा आरंभ अद्भुतापासून झाला नाहीं. १८५७ सालीं, म्हणजे मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना ज्या वर्षीं झाली त्याच वर्षीं, बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालें. हिंदु विधवांची दुःस्थिति हा त्याचा विषय. ग्रंथकर्ते ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले आणि त्या धर्माच्या प्रसाराची दृष्टि पुस्तकांत उघड. त्यामुळें पांढरपेशा वाचकानें तें आपलें मानलें नाहीं. मग १८६१ सालीं लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६६ सालीं त्यांचीच 'रत्नप्रभा' आली, आणि १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलेलें अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टींचें भाषांतरहि ह्याच काळांतलें. संस्कृत कथांचा वारसा घरचा होता, अरबी गोष्टींची गोडी नव्यानें लागली होती. ह्या दोहोंच्या संगमावर ही अद्भुत कादंबरी उभी राहिली.

ह्या कादंबऱ्यांचें जग ठरलेलें असे. गुणवान राजपुत्र, लावण्यवती नायिका, कपटी अधिकारी, अकस्मात् ताटातूट, घोर अरण्य, वेषांतर, ऐन संकटांत धांवून येणारा कोणी उपकारकर्ता, आणि शेवटीं सर्वांची भेट होऊन दुष्टांस शासन व सुष्टांस सुख. भाषा अलंकारांनीं जड झालेली. सूर्योदय व्हावयाचा तरी तो चार ओळींच्या समासाशिवाय होत नसे. तथापि ह्या लेखकांस केवळ हंसून चालणार नाहीं. मराठी गद्य तोंपर्यंत बहुतांशीं शाळेंतील क्रमिक पुस्तकांत, पंचांगांत व वर्तमानपत्रांत वावरत होतें. केवळ गोडी लागली म्हणून शेंकडों पृष्ठें वाचीत बसावयाची संवय मराठी माणसाला ह्याच पुस्तकांनीं लाविली. कीर्तनांत व पुराणांत जें कानांनीं ऐकावयाचें तें आतां एकांतांत डोळ्यांनीं वाचतां येऊं लागलें, हें स्थित्यंतर लहान नव्हे.

परंतु एकांतांत वाचणारा वाचक हा देवळांतील श्रोत्यापेक्षां निराळा असतो. श्रोता समुदायाबरोबर डोलतो. वाचक मध्येंच थांबतो, मागचें पान उलटून पाहतो आणि प्रश्न विचारतो. कालचा भेकड मनुष्य आज शूर कसा झाला? नायिकेला वाचविणारा नेमका त्याच क्षणीं त्याच अरण्यांत कसा येऊन ठेपला? मराठे यांची पिढी विश्वविद्यालयाच्या नव्या शिक्षणांत वाढलेली होती. तिनें इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या होत्या आणि कार्यकारणभाव हा विचाराचा पाया मानावयास ती शिकली होती. तिच्या दृष्टीनें ह्या कथांचा मुख्य दोष असंभाव्यता हा होता. पात्रें माणसांसारखीं बोलत नाहींत, प्रसंग संसारांतल्यासारखे घडत नाहींत, मग हें लिहिणें कोणाचें चित्र, असा मराठे यांच्या आक्षेपाचा गाभा आहे. हा आक्षेप परक्या विद्वानाचा नव्हता. मराठींत चांगली नावलें व्हावींत असें मनापासून वाटणाऱ्या, आणि म्हणूनच आहे त्यावर समाधान न मानणाऱ्या वाचकाचा तो होता.

अशा वाचकाची परंपरा जगांत जुनी आहे. स्पेन देशांत सर्व्हांतिस यानें १६०५ सालीं 'डॉन क्विक्झोट'चा पहिला भाग प्रसिद्ध केला; त्यांत नायकाचें डोकें फिरविणाऱ्या अद्भुत कथांची झडती धर्मगुरु व न्हावी घेतात आणि बहुतेक पुस्तकें आगीच्या स्वाधीन होतात. इंग्लंडांत होरेस वॉलपोल याची 'कॅसल ऑफ ओट्रँटो' ही भीषणाद्भुत कादंबरी १७६४ च्या अखेरीस आली. क्लॅरा रीव्ह ह्या लेखिकेनें ती आवडीनें वाचली. परंतु १७७८ सालच्या आपल्या स्वतःच्या कादंबरीच्या प्रस्तावनेंत तिनें आपली निराशा स्पष्ट मांडली. उचलावयास शंभर माणसें लागावीं एवढी तलवार, स्वतःच्या भारानें जमिनीस भगदाड पाडणारें शिरस्त्राण, चौकटींतून उतरून चालूं लागणारें चित्र, हीं सर्व एकत्र आलीं, कीं भीति वाटण्याऐवजीं हंसूं येतें, अशी तिची तक्रार होती. भूत नको, असें तिचें म्हणणें नव्हतें. भुतानें संभाव्यतेची अखेरची रेषा ओलांडूं नये, एवढीच तिची अट होती. मराठे यांचा निबंध ह्याच कुळांतला आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं जातां, ती रिसबूड यांनीं स्वतःच मांडून ठेविली आहे. 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेंत त्यांनीं आपली अडचण सांगितली, आणि ती सांगण्यांत त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. आपल्या हिंदु लोकांच्या चालीरीति, विशेषतः विवाहाच्या रीति, अशा आहेत कीं, त्यांच्या आयुष्यांत मनोरंजक असे गुणहि आढळत नाहींत आणि दोषहि आढळत नाहींत. नित्याच्या गोष्टी लिहूं गेल्यास त्यांत चित्त वेधणारें कांहीं राहणार नाहीं. म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळणें भाग पडतें, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. इंग्रजी कादंबरींत तरुण-तरुणी परस्परांस भेटतात, रुसतात, पारखतात व मग विवाह करतात. त्यावर तीन खंड लिहितां येतात. येथें लग्न बालपणींच लागलेलें. मग कथा ती कशाची सांगावयाची?

वरवर पाहतां ही लेखकाची लटकी सबब वाटेल. परंतु तींत एक मोठी आणि गंभीर गोष्ट दडलेली आहे. ज्या समाजांतील माणसांना, आपल्या आयुष्यांत सांगण्याजोगें कांहीं नाहीं, असें वाटतें, तो समाज स्वतःविषयीं काय समजतो, हा प्रश्न तिच्या मुळाशीं आहे. चुलीपाशीं बसलेली सून, दहा वर्षांची नवरी, माजघराच्या कोपऱ्यांतील विधवा, यांच्या जीवनांत कथा नाहीं, असा निकाल रिसबूड यांनीं नकळत देऊन टाकला होता. मराठे व रिसबूड यांच्यामधला वाद केवळ योगायोग आणि वेषांतरें यांचा नव्हता. कोणाचें आयुष्य कथेच्या योग्यतेचें, हा खरा वाद होता.

ह्या वादाचा निकाल निबंधांनीं लागणारा नव्हता. तो कादंबऱ्यांनींच लावावयाचा होता. येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंती ज्या सालीं उभ्या राहिल्या त्याच सालची, १८७१ ची, रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही कादंबरी. किल्ला कल्पित, परंतु काळ शिवाजीमहाराजांचा. म्हणजे पराक्रमाची हौस भागली आणि तिला देशकालाचें कुंपणहि मिळालें. अद्भुत आणि वास्तव यांच्यामधली ही पहिली तडजोड होय. १८८५ च्या सुमारास पुण्यांत हरि नारायण आपटे यांची 'मधली स्थिति' निघूं लागली. तीस रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीचा आधार असला, तरी तींत घरें पुण्याचीं होतीं व माणसेंहि पुण्याचीं होतीं. नंतर १८९० पासून 'करमणूक' पत्रांत 'पण लक्षांत कोण घेतो' क्रमशः येऊं लागली. यमू नांवाच्या मुलीनें स्वतःच सांगितलेली ती तिची कहाणी. लहानपणचें माहेर, सासरचा जाच, पतीच्या सहवासांतलें थोडे दिवसांचें सुख, वैधव्य आणि सक्तीचें केशवपन, एवढाच तिचा विस्तार.

रिसबूड यांनीं जेथें कथा नाहीं म्हणून सांगितलें होतें, तेथेंच आपटे यांना कथा सांपडली. बालविवाहामुळें कादंबरी लिहितां येत नाहीं, असें एकानें म्हटलें. दुसऱ्यानें बालविवाहाचीच कादंबरी लिहिली. त्या कादंबरींत राजपुत्र नाहीं, आणि ऐन वेळीं धांवून येणारा उपकारकर्ता तर नाहींच नाहीं. तिची सारी वेदनाच ह्या न येण्यांत आहे. अद्भुत कादंबरीच्या वाचकाला जी सुटका दर प्रकरणाच्या अखेरीस मिळत असे ती यमूला मिळाली नाहीं, आणि वाचक अस्वस्थ झाला. असंतुष्ट वाचकाच्या तक्रारीला मराठी वाङ्मयानें दिलेलें हें सर्वांत मोठें उत्तर होय. बाबा पदमनजींनीं १८५७ सालीं दाखविलेली वाट अशा रीतीनें तीस-बत्तीस वर्षांनीं पुन्हां गजबजली.

मग अद्भुताचा पराभव झाला काय? तसें झालें नाहीं. १९०० सालीं 'केरळकोकिळ' मासिकांत ज्यूल व्हर्नची चंद्रावरील स्वारी मराठी वेष घेऊन 'चंद्रलोकची सफर' ह्या नांवानें अवतरली. अद्भुतानें आतां शास्त्राचा हात धरला. पुढें नाथमाधवांच्या 'वीरधवल'नें तरुण वाचकांच्या रात्री जागविल्या. माणसाला चूल आणि माजघर यांच्या पलीकडचें कांहीं हवें असतें. ती भूक मराठे यांच्या निबंधानें मरणारी नव्हती, आणि ती मरावी असा त्या निबंधाचा हेतुहि नव्हता. प्रश्न एवढाच उरला, कीं अद्भुत चांगलें केव्हां आणि फोल केव्हां? ह्या प्रश्नाशीं येरवड्याच्या भिंतींआड बसलेल्या दोन वाचकांचा निकटचा संबंध आहे.

पहिले वाचक लोकमान्य टिळक. १८९७ सालीं राजद्रोहाच्या आरोपाखालीं त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली आणि त्या शिक्षेचा मोठा भाग त्यांनीं येरवड्यास काढला. त्या काळांत पंडित मॅक्समुल्लर यांनीं त्यांना ऋग्वेदाची आपली आवृत्ति पाठविली. उषेचीं सूक्तें, दीर्घकाळ रेंगाळणारी पहांट, दीर्घ रात्रीचें भय, हीं वर्णनें सामान्य वाचक कविकल्पना म्हणून सोडून देईल. लोकमान्यांनीं तीं सोडलीं नाहींत. त्यांत त्यांनीं उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशाची आठवण पाहिली आणि १९०३ सालीं 'आर्क्टिक होम इन दि वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो सिद्धांत आज विद्वान् ग्राह्य मानीत नाहींत. परंतु त्यामागची दृष्टि पाहण्यासारखी आहे. अद्भुत दिसतें त्याच्या तळाशीं घडलेली हकीकत असली पाहिजे, अशी ती दृष्टि. मराठे अद्भुताला संभाव्यतेची कसोटी लावून नाकारतात. टिळक तीच कसोटी लावून त्याला खरें ठरवूं पाहतात.

दुसरे वाचक महात्माजी. त्यांनीं ती कसोटीच बाजूला ठेविली. गिबन आणि मोटले यांच्यासारखे थोर इतिहासकार त्यांनीं आदरानें वाचले होते. तरी महाभारताशेजारीं ठेवल्यावर ते त्यांना उणे वाटले. कारण त्यांनीं दिलें, तें मार्मिक आहे. इतिहासकार म्हणतो, मी घडलें तेवढेंच सांगतों. परंतु एखाद्याचे मरतांनाचे शब्द कोणते, ह्यावरहि साक्षीदारांचें एकमत होत नाहीं. महाभारतकार मात्र आपल्या कथेंत अद्भुत पुरेसें विणून ठेवतो, तें एवढ्यासाठींच कीं, वाचकानें ती कथा अक्षरशः खरी धरूं नये. नांवरूपें येतात आणि जातात. जें टिकतें तें घटनांच्या नोंदींत सांपडत नाहीं. सत्य हें इतिहासाहून मोठें आहे, असा त्यांच्या विवेचनाचा निष्कर्ष होता. ज्या ग्रंथाची धास्ती घेतली होती तोच त्यांना, जितकी खोल खणावी तितकीं मोलाचीं रत्नें देणारी, न संपणारी खाण वाटला.

ह्या विवेचनाच्या उजेडांत १८७२ चा वाद पुन्हां पाहिला, तर दोन्ही पक्षांचें खरें कोठें होतें, तें उमगतें. 'मुक्तामाला' किंवा 'मंजुघोषा' निराश करते, ती तींत असंभाव्य गोष्टी आहेत एवढ्यामुळें नव्हे. असंभाव्यता महाभारतांत त्याहून शतपट आहे. अग्निकुंडांतून कन्या निघते, बाणांच्या शय्येवर पडलेला वृद्ध उत्तरायणाची वाट पाहतो. तरी कोणी तक्रार करीत नाहीं. कारण तेथें अद्भुत हें माणसाच्या एखाद्या निर्णयाला अधिक कठीण करून ठेवतें. भीष्मांना इच्छामरण आहे, म्हणून त्यांचें दुःख कमी होत नाहीं, तें लांबतें. अद्भुत कादंबरींत चमत्कार नेमका उलट कामासाठीं येतो. नायक अडचणींत सांपडला, कीं ती अडचण सोडविण्यासाठीं योगायोग हजर होतो. पात्राला निर्णय घ्यावा लागत नाहीं, किंमत मोजावी लागत नाहीं. आणि ज्यासाठीं किंमत मोजली गेली नाहीं तें सुख वाचकालाहि खरें वाटत नाहीं.

मराठे यांनीं ह्या दोषाला असंभाव्यता हें नांव दिलें. त्यांच्या काळाच्या शिक्षणानें त्यांना तेंच नांव शिकविलें होतें. नांव अपुरें होतें, परंतु दुखणें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. आणि त्यांनीं तें बोलून दाखविलें, ह्याचें मोल विशेष आहे. पुस्तक आवडलें नाहीं म्हणून तें मिटून ठेवणारे वाचक पुष्कळ असतात. कां आवडलें नाहीं, ह्याचा शोध घेऊन तो चारचौघांपुढें मांडणारा वाचक एखादाच असतो, आणि वाङ्मयाची पुढची वाट बहुधा अशाच वाचकाच्या तक्रारीपासून सुरू होते. त्याचप्रमाणें, जुना ग्रह मनांत असतांहि पुस्तक उघडणारा, आणि तो ग्रह खोटा ठरला तर तसें मोकळेपणीं सांगणारा वाचकहि दुर्मीळच.

अद्भुत कथांना आज तोटा नाहीं. परदेशांतील जादूच्या शाळांच्या व काल्पनिक राज्यांच्या कादंबऱ्या मराठी घरांतील मुलें आवडीनें वाचतात, आणि एखादी मनांतून उतरली, कीं वडील माणसांपाशीं कुरकुरहि करतात. त्या कुरकुरीला, 'असल्या गोष्टी खोट्याच असतात,' एवढेंच उत्तर देऊन भागणार नाहीं. गोष्ट खोटी आहे, हें मुलाला ठाऊकच असतें. ती आपल्याशीं खोटें वागली, हें त्याचें गाऱ्हाणें असतें. १८७२ सालीं मराठे यांचें गाऱ्हाणेंहि ह्याहून फारसें निराळें नव्हतें.